तव्याचं पेरणी यंत्र : घेण्याआधी रानात उतरवून बघा

सोयाबीन निघालं की हरभऱ्याची घाई सुरू होते. नांगरट, कुळवणी होईस्तोवर जमिनीतली ओल उडून जाते. म्हणून न नांगरता पेरणारं तव्याचं यंत्र गटानं घ्यावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. पैसा आपल्या बचतीचा, हप्तेही आपणच फेडणार. तेव्हा आज हे यंत्र पारखायचं कसं, ते बघू.

साधं पेरणी यंत्र फणानं माती फाडतं. रानात काड असलं की ते फणात अडकून गोळा होतं. या यंत्रात फणाऐवजी धारदार गोल तवा फिरतो. तो काड कापत मातीत बारीक चीर पाडतो, नळीतून बी चिरेत पडतं आणि मागचं चाक चीर दाबून बुजवतं. बाकीची माती हलत नाही. ओल टिकते, डिझेल वाचतं.

पण हे सगळं जमलं तर! म्हणून चार गोष्टी तपासा.

पहिली, काड. दवानं भिजलेलं काड चिवट होतं. तवा ते न कापता चिरेत कोंबतो. मग बी काडावर पडतं, मातीला टेकत नाही आणि उगवत नाही. मळणीचा भुसा रानभर पसरून ठेवा. काड वाळल्यावर दुपारी यंत्र चालवून बघा.

दुसरी, माती. ओली काळी माती तव्याला चिकटते, चीर नीट बुजत नाही आणि वाळल्यावर फाकते. कडक रानात तवा आत शिरत नाही. त्यासाठी यंत्र वजनदार लागतं आणि ते उचलणारा ट्रॅक्टरही तसाच लागतो. वाफसा गाठणं महत्त्वाचं.

तिसरी, बी. ९ ओळी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, म्हणजे यंत्राची रुंदी २.७ मीटर. ३७ मीटर चालवलं की १०० चौरस मीटर, म्हणजे एकराचा चाळिसावा भाग होतो. नळ्यांना पिशव्या बांधा आणि पडलेलं बी तोला. दिग्विजय हरभऱ्याला एकरी सुमारे ४० किलो बी लागतं, तर पिशव्यांत मिळून १ किलो भरायला हवं. पेरल्यावर दहा ठिकाणी उकरा. बी ५ ते ७ सेंटिमीटर खोल हवं. उगवल्यावर ओळीच्या एका मीटरात दहाच्या आसपास रोपं मोजून घ्या.

चौथी, तण. नांगरट थांबली की तण मारायची एक वाट बंद होते. मग खुरपायला कोण जातं? आपणच! नाहीतर तणनाशकाला पैसे मोजावे लागतात. नांगरणीचे वाचलेले पैसे एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला तणनाशक, यंत्राचं भाडं आणि आपल्या खुरपणीची मजुरीही धरा. घरच्या बाईचं काम फुकटात धरलं, तर हिशेब खोटा ठरतो.

आम्ही सांगू, पहिल्या वर्षी यंत्र भाड्यानं आणा. एकाच रानात अर्धा एकर त्यानं पेरा, अर्धा नेहमीसारखा. बी तेच, खत तेच. काढणीला दोन्हींचं माल वेगळं तोला. विकत घेण्याआधी झिजलेला तवा आणि बेअरिंग जवळच्या गावात मिळतं का, हे विचारा. पेरणीचे दिवस थोडेच असतात. तेवढ्या दिवसांत गटातल्या किती एकरांवर यंत्र फिरेल, तेही मोजा. मग बैठकीत कागद समोर ठेवून ठरवा.