गोळी सुरू आहे? एवढं जपा

नैराश्यावरची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, झोपेचा बिघाड मात्र आधीच जाणवतो. भोकरदन-मंठ्याहून भाडं खर्चून उपचारासाठी जालन्याला आलेला माणूस इथेच धीर सोडतो. तो सोडू नये.

या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. तरी त्या अचानक थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. बरं वाटू लागल्यावरही त्या निदान ६ महिने चालू ठेवतात, मग डॉक्टरच डोस हळूहळू उतरवतात.

अंगदुखीसाठी ट्रामाडोल वा डायक्लोफिनॅक घेण्याआधी चालू गोळी डॉक्टरांना जरूर सांगावी: पहिल्याने आकडी येऊ शकते, दुसऱ्याने रक्तस्राव होऊ शकतो. दारू टाळावी.

पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अशा वेळी घरच्यांनी सोबत राहावं, डॉक्टरांना लगेच कळवावं. गोळ्या आणि कपाशीवरच्या फवारणीचं औषध, दोन्ही कुलपात ठेवावं.

२०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येतं.