पगाराची फोड : कर वाचतो की कामगाराचा हक्क बुडतो?

लोणावळ्यातील चिक्कीची दुकाने, खंडाळ्याची हॉटेले, कामशेत-वडगावच्या बेकऱ्या आणि तळेगाव औद्योगिक वसाहतीभोवतीची वर्कशॉप. मावळात दहा-वीस माणसांना रोजी देणारे असे धंदे पुष्कळ आहेत. शेजारच्या मोठ्या कारखान्यांतील एक रीत आता लहान मालकांच्याही कानावर येते. मूळ पगार कमी ठेवायचा आणि उरलेल्या रकमेतून जेवणाची कुपने, पेट्रोल, फोन, भेटवस्तू यांपैकी कामगाराने हवे ते निवडायचे. हिला 'कॅफेटेरिया पद्धत' म्हणतात. यात कर वाचतो असे सल्लागार सांगतात. आमच्या व्यापारी बांधवांनी हा सल्ला मानण्यापूर्वी हिशोब नीट समजून घ्यावा.

पहिली गोष्ट, नोकराला दिलेली रोकड हा पगारच. तिला 'भत्ता' म्हणा की 'ईदी', नुसत्या नावाने करमाफी मिळत नाही. १९६२ च्या आयकर नियमावलीत सवलत होती ती वस्तुरूपाने दिलेल्या सोयींना. कामाच्या वेळेत कामाच्या जागी दिलेले जेवण एका वेळी ५० रुपयांपर्यंत आणि वर्षभरातील भेटवस्तू ५,००० रुपयांच्या आत करमुक्त होत्या. चहा-नाश्त्यावर कर नव्हता. म्हणजे रमजानमध्ये वर्कशॉपमध्येच दिलेला इफ्तारचा फराळ वेगळा आणि त्याऐवजी हातावर ठेवलेले पैसे वेगळे.

नियमही वारंवार बदलतात. २००५ मध्ये सरकारने अशा सोयींवरचा कर मालकावरच बसवला होता. २००९ मध्ये तो रद्द झाला आणि बोजा पुन्हा नोकराकडे गेला. २०२० मध्ये आलेल्या नव्या करपद्धतीत कुपनांची सूट काढून घेण्यात आली. आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाला आहे. तेव्हा जुन्या आकड्यांवर विसंबू नये; ताजी मर्यादा आपल्या हिशोबनीसाकडून लिहून घ्यावी.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची वजावट मिळते ती वेगळीच. चिक्की वळणारा कारागीर, वेटर किंवा वेल्डर यांपैकी कितीजण या रकमेच्या जवळपास पोचतात? ज्याला करच नाही त्याचा कर वाचणार कुठून? पगाराच्या फोडीने त्याचे एकच होते : मूळ पगार घटला की भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घटतात. म्हातारपणीच्या भाकरीतला तुकडा आजच कापला जातो.

ही पळवाट कायद्यानेही बुजवली आहे. सर्व कामगारांना सरसकट दिलेला भत्ता भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ पगारातच धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच मोजली जाते. थकबाकी निघाली की व्याज आणि दंड मालकाच्याच माथी येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मूळ पगार खरा दाखवा. जेवण द्यायचे तर जेवणच द्या आणि त्याची बिले जपून ठेवा. ईदला कपडे दिले तर कोणाला, केव्हा, किती किमतीचे याची नोंद ठेवा. मॅनेजरसारख्या जास्त पगाराच्या नोकराकडून तो कोणती करपद्धत घेणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी घ्या आणि त्याप्रमाणे पगारातून कर कापून वेळेवर भरा. कापलेली रक्कम आपली नव्हे, ती अमानत आहे.

मजुराचा हक्क पूर्ण देणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. सरकारी तपासनीस दारात येण्याची वाट न पाहता ती पाळली, तर वही स्वच्छ राहील आणि धंद्यात बरकतही येईल, इन्शाअल्लाह.