बारावीनंतर : लेखांक ७
डमडमहून पंचवीस पसंती

गेल्या आठवड्यात आपण महाराष्ट्रातली प्रवेशपद्धत पाहिली. त्यावर बृहन्महाराष्ट्रातल्या पालकांचा साहजिक प्रश्न असा की, आम्ही राहतो परराज्यात, मग आमच्या मुलांनी काय करायचे? म्हणून या वेळी कोलकात्याच्या उत्तरेकडचे डमडम घेऊ. विमानतळ आणि आयुधनिर्माणी यांमुळे केंद्रीय नोकरीतली माणसे इथे बदलून येत असतात, आणि सांगलीकडचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) व्यावसायिकही कोलकात्यात बरीच वर्षे आहेत. बंगालमध्ये अकरावी-बारावी शाळेतच होते. त्यामुळे पुण्यातली मावसबहीण दहावीनंतर ‘कॉलेजला’ जाते, आणि डमडमची मुलगी सतरा-अठराव्या वर्षी पहिल्यांदा प्रवेशाचा अर्ज भरते. हा अर्ज तिने स्वतः भरावा, यावर माझा फार भर आहे. का, ते पुढे येईलच.

2024 पासून पश्चिम बंगालमध्ये सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांच्या पदवी प्रवेशासाठी एकच केंद्रीय पोर्टल आहे. त्याआधी प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी. 2018 मध्ये तर जागेसाठी पैसे मागितले जातात, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला प्रत्यक्ष बोलावून होणारी पडताळणी थांबवावी लागली. आता एका अर्जात पंचवीसपर्यंत पसंती देता येतात आणि अर्जाला शुल्क नाही. प्रेसिडेन्सी, जादवपूर आणि सेंट झेवियर्स मात्र या पोर्टलच्या बाहेर आहेत. त्यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात.

खरी चूक होते ती पंचवीस पसंतींच्या क्रमात. समजा, एका मुलीला भौतिकशास्त्र घ्यायचे आहे. मनात बेथून कॉलेज आहे, पण ‘तिथे कुठे लागणार’ म्हणून ती घराजवळचे डमडम मोतीझील कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकते आणि बेथून दुसऱ्यावर. मोतीझीलची जागा तिला मिळते आणि तिच्यापुरता विषय तिथेच संपतो. तिचे गुण बेथूनला पुरेसे असले, तरी यंत्रणा तिकडे वळत नाही. यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे गुण पुरतात ती पहिली जागा दिली जाते. आता क्रम उलटा करून पाहा. बेथून वर ठेवले आणि गुण कमी पडले, तरी मोतीझीलच्या गुणवत्ता यादीतले तिचे स्थान तसूभरही खाली जात नाही. वर मोठे नाव लिहिल्याची कसलीही शिक्षा नाही. एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना समजले, तर निम्मी भीती जाते.

पण त्याला दुसरी बाजू आहे. पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा मिळाली की आधीची हातातून सुटते. म्हणून काकांनी सुचवले किंवा नाव ऐकलेले आहे, एवढ्यासाठी काहीही वर लिहू नये. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावे : ही जागा मिळाली, तर खालची सोडताना मला वाईट वाटेल का? वाटणार असेल, तर क्रम चुकला आहे. हे उत्तर त्या मुलीखेरीज कोणी देऊ शकत नाही. तिने अर्ज स्वतः भरावा, तो यासाठी. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा सल्लाही जपून घ्यावा. तिथल्या अकरावीच्या प्रक्रियेत पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्या नियमातून आलेली सावधगिरी इथे लागू करून उपयोग नाही.

नावाइतकेच अंतरही मोजावे. डमडमहून मेट्रोने गिरीश पार्क चौथे स्थानक, तिथून बेथून जवळ. जादवपूरला जायचे तर सियालदहला लोकल बदलायची, आणि हे रोज, पावसाळ्यातही. पदवी कोणत्या विद्यापीठाची तेही पाहावे : मोतीझील किंवा सरोजिनी नायडू महाविद्यालय बारासातच्या पश्चिमबंग राज्य विद्यापीठाशी संलग्न आहे, बेथून कलकत्ता विद्यापीठाशी.

काही प्रवेशांचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच बंद होतात, म्हणून त्यांच्याकडे हिवाळ्यापासूनच लक्ष हवे. डमडमच्या अगदी शेजारी, बारानगरला भारतीय सांख्यिकी संस्था आहे, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापलेली. तिथल्या संख्याशास्त्राच्या पदवीला स्वतःची प्रवेशपरीक्षा असते आणि विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. गणिताची मनापासून आवड असलेल्या मुलाला घराजवळ याहून चांगली जागा मिळणे कठीण, तरी कितीतरी घरांत तिचे नाव अर्जाची मुदत उलटल्यावर निघते. दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेशपरीक्षा आहे. तिचा अर्जही निकालाची वाट पाहत नाही.

आणि महाराष्ट्रात परतायचे असेल तर? अभियांत्रिकीसाठी दार उघडे आहे. बारावी बाहेरून झाली, तरी विद्यार्थ्याचे, आईचे किंवा वडिलांचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असेल, तर एमएचटी-सीईटीतून ‘टाइप बी’ खाली राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. वैद्यकीयचे नियम कडक आहेत. राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. केंद्रीय आणि सैन्यदलातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेतून शब्दन्‌शब्द वाचून घ्याव्यात.

आरक्षणाबाबत गैरसमज सर्वांत जास्त. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर पश्चिम बंगालच्या राज्य कोट्यात जागा मिळत नाही, कारण प्रत्येक राज्याची यादी त्या राज्यापुरती असते. केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गासाठी जातीचे नाव केंद्राच्या यादीत लागते आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला, ताज्या आर्थिक वर्षाचा लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडल्यामुळे चांगल्या गुणांचा विद्यार्थी खुल्या गटात ढकलला जाऊ शकतो. गावाकडच्या तहसील कचेरीत हे कागद निघायला वेळ लागतो, आणि मे-जूनमध्ये तिथे गर्दी असते. तेव्हा डमडमच्या घरांनी पूजेच्या सुट्टीत गावी जातानाच आईवडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्मनोंदी बरोबर घ्याव्यात, आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज त्याच फेरीत देऊन यावा.