पितळी गंज, वरचे दूध आणि बाळाचे यकृत

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तेथील जलाशयामुळे आणि नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेमुळे अनेकांना परिचित आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि भंडारा म्हटले की पितळी भांडी आठवावीत इतका त्या गावाचा लौकिक होता. पाण्याचा गुंड, दूध तापविण्याचा गंज, पूजेचा लोटा ही भांडी लेकीच्या लग्नात दिली जात आणि पुढे तिच्या लेकीपर्यंत पोहोचत. शेतकऱ्याचे घर असो वा व्यापाऱ्याचे, स्वयंपाकघराची शोभा आणि पतही या भांड्यांवरून जोखली जाई.

याच भांड्यांचा तान्ह्या मुलांच्या एका प्राणघातक यकृतविकाराशी संबंध होता, हे मात्र फार उशिरा उमगले. तो संबंध उलगडण्यात पुण्यातील डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. आज तांब्याच्या बाटल्या आणि घागरी पुन्हा घरोघरी येत असताना ही हकीकत भांडी वापरणाऱ्यांनी जाणून घ्यावी, आणि भांडी विकणाऱ्यांनी तर अधिकच.

वैद्यकात या विकाराला ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे नाव आहे. जुन्या पिढीतील आजी ‘बाळाला लिव्हर झाले’ एवढेच म्हणत. त्या शब्दांत बहुधा निरोपाचाच सूर असे. कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले होते. साधारण सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत. मूल चिडचिडे होई, खाईनासे होई, पोट हळूहळू फुगू लागे. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना उजव्या बरगडीखाली वाढलेले, टणक, धारदार कडेचे यकृत लागे. कावीळ दिसू लागेपर्यंत वेळ हातची गेलेली असे आणि त्यानंतर काही महिन्यांतच बहुतेक मुले दगावत. कित्येक घरांत एकापाठोपाठ दुसरे मूलही याच वाटेने गेले. असे घर शापित मानले जाई आणि दोषाचे बोट बहुतेक वेळा मातेकडे वळे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे नमुने तपासले असता त्यांत तांब्याचा प्रचंड साठा आढळला. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम शुष्क वजनात तांबे साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते अनेकदा ८०० मायक्रोग्रॅमच्याही पुढे गेलेले होते. इतके तांबे कोवळ्या देहात आले कोठून, हा प्रश्न उभा राहिला.

पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला. त्यांनी आजारी मुलांच्या घरातील आहाराची बारकाईने चौकशी केली आणि ती निरोगी मुलांच्या आहाराशी ताडून पाहिली. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी किंवा त्याच्या जोडीने गाई-म्हशीचे वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविले व साठविले जात होते. हा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तांबट आळीचे ठोके पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहरात घुमत आले, त्याच शहरात हा शोध लागावा हा योगायोगच म्हणावयाचा.

येथे एक शंका येते. पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या घरांत कोणाला ठाऊक नव्हते? ताक, चिंचेचे सार, आमसुलाची कढी कोणी पितळेत ठेवीत नसे. कल्हईवाला गावात आला की भट्टी पेटे, नवसागराचा धूर निघे आणि भांड्यांना आतून कथलाचा पांढरा थर चढे. मग दुधाबाबतच चूक कशी झाली? याचे कारण असे की कळकलेले अन्न जिभेला कळते, दूध मात्र आंबट नसते. दुधातील केसीन हे प्रथिन धातूचे कण स्वतःशी बांधून ठेवते. कल्हई उडालेल्या गंजात दूध तापले आणि तासन्‌तास तेथेच राहिले की तांबे त्यात उतरत असे. पितळेत निम्म्याहून अधिक भाग तांब्याचाच असतो. दुधात घालण्याचे पाणीही अनेकदा तांब्याच्या हंड्यातलेच असे. जुन्या शहाणपणाची परीक्षा चवीवर आधारलेली होती, आणि दूध त्या परीक्षेतून निसटले.

दुसरी शंका अशी की त्याच गंजातले दूध पिणाऱ्या मोठ्या माणसांना काही होत नसे, मग बाळालाच का व्हावे? याचे उत्तर शरीराच्या आवक-जावकेत आहे. तांबे हे विष नव्हे, ते शरीराची गरज आहे. लोहाचा विनियोग, मज्जासंस्थेची वाढ अशा अनेक कामांसाठी ते लागते. अन्नातील तांबे मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते. आतड्याच्या पेशी ते आत घेतात आणि रक्तावाटे यकृताकडे पाठवितात. यकृत गरजेपुरते वापरते आणि उरलेले पित्तात सोडते. ते मलावाटे बाहेर पडते. शरीरातून तांबे बाहेर जाण्याचा हाच प्रमुख मार्ग आहे.

प्रौढांत ही व्यवस्था दोन्ही टोकांना सावध असते. आवक वाढली की आतडे शोषण कमी करते आणि यकृत जावक वाढविते. तान्ह्या बाळात ही दोन्ही नियंत्रणे अपरिपक्व असतात. शिवाय बाळ जन्मतःच यकृतात तांब्याची शिल्लक घेऊन येते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत ती साठलेली असते आणि पहिल्या काही महिन्यांत खर्ची पडते. म्हणूनच निसर्गाने आईच्या दुधात तांबे बेताचेच ठेवले आहे. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला दिवसाकाठी सुमारे २०० मायक्रोग्रॅम तांबे पुरते. आधीच शिल्लक असलेल्या या खात्यात पितळी गंजातल्या दुधाचा भरणा रोज होऊ लागला आणि जावक तर मंद, मग यकृताच्या पेशी त्या भाराखाली मरू लागत आणि त्यांच्या जागी कठीण तंतू वाढत.

अशी भांडी वापरणाऱ्या सर्वच घरांतील मुले आजारी पडली नाहीत. त्यामुळे काही मुलांत तांबे न पेलण्याची उपजत प्रवृत्ती असावी, असे अभ्यासक मानतात. युरोपातील टायरॉल या डोंगराळ प्रदेशातूनही असाच पुरावा मिळाला. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच यकृतविकाराने दगावली. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापविले जात होते, आणि भांडी बदलताच विकार नाहीसा झाला.

आपल्याकडेही तसेच घडले. पेनिसिलामाइन हे शरीरातील तांबे बाहेर काढणारे औषध कावीळ होण्यापूर्वी दिल्यास काही मुले वाचली. खरा विजय मात्र प्रतिबंधाचा होता. आईच्या दुधाचा आग्रह आणि बाळाच्या दुधासाठी स्टीलचे भांडे, एवढाच उपदेश पुणे परिसरात घरोघरी पोहोचविण्यात आला. स्टील स्वस्त झाले आणि कल्हईवाल्याची हाळी विरळ होत गेली. ज्या विकाराने बालरुग्ण विभागातील खाटा भरत, तो १९९०च्या दशकात दुर्मीळ झाला. एवढ्या मोठ्या रोगावर मिळालेला हा अत्यंत स्वल्प खर्चाचा विजय आहे.

आता तांबे परतले आहे. आरोग्याच्या नावाने तांब्याची बाटली भेट दिली जाते, पितळी पातेली हौसेने मांडली जातात. निरोगी प्रौढाने स्वच्छ भांड्यातील साधे पाणी पिण्यास सहसा हरकत नसते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठेवली आहे, भारतीय मानकांत ती कमाल १.५ मिलिग्रॅम आहे. लिंबू, ताक, फळांचा रस मात्र या भांड्यांत कधीही ठेवू नये. बाळासाठीचा नियम याहून कडक हवा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. पुढेही बाळाचे दूध, पेज वा उकळलेले पाणी स्टीलच्याच भांड्यात ठेवावे. पाणी गाळून व उकळून पिण्याची आपली परंपरा उत्तमच आहे, पण ते कोणत्या भांड्यात निवते हेही पाहावे.

यकृताचे इतर विकार अद्याप आहेतच. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली, शौचाचा रंग पांढुरका आणि लघवी गडद पिवळी दिसली, तर घरगुती उपायांत किंवा उन्हात निजविण्यात दिवस घालवू नयेत. पित्तनलिका बंद असल्यास करावयाची शस्त्रक्रिया बाळ साधारण दोन महिन्यांचे होण्यापूर्वी झाली तर यशाची शक्यता अधिक असते. चोरखमाऱ्यासारख्या गावातून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास अवघड वाटला, तरी तो त्याच आठवड्यात करावा.

भांड्यांच्या व्यापारात आपल्या समाजातील अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गिऱ्हाइकाला वजन, घडण आणि भाव सांगताना ‘यात बाळाचे दूध ठेवू नका’ हे एक वाक्य वाढविले, तर विक्री क्वचितच घटेल. जैन आचारात हिंसेचे मूळ केवळ दुष्ट हेतूत नसून प्रमादातही मानले आहे. पूर्वीच्या पिढ्यांकडून जे घडले ते अजाणता घडले. आज कारण ठाऊक असताना मौन राखले, तर त्याला अजाणतेपण म्हणता येणार नाही.