कच्चे जांब टाकू नका!

यंदा पोळ्याच्या आदल्या रात्री मोहगावला वाऱ्यापावसानं आमच्या परसातलं जांबाचं झाड झोडपून काढलं. जांब म्हणजे पेरू. सकाळी झाडाखाली टोपलीभर सडा पडला होता, सगळे हिरवेगार आणि दगडासारखे टणक. दादा वैतागला. "दर पावसाळ्यात हाच कचरा! पिकायला लागले की अळ्या, त्यातून उरले तर पोपट. पोळा झाला की झाडच तोडतो."

मोठी आई काही बोलली नाही. पदरात मावतील तेवढे जांब वेचून ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिच्या हातची ही भाजी आम्ही लहानपणापासून खातोय, पण शिकलं कुणीच नाही. आता तिला नीट दिसत नाही. तिनं चाकू माझ्या हातात दिला.

आधी निवड. ज्यांचा हिरवा रंग उतरून पांढुरका झालाय, ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे, तीन-चार दिवसांत पिकतात. गडद हिरवे नुसते सुकतात, ते शिजवायचे. किडलेले किंवा ठेचाळलेले बाजूला काढायचे.

भाजीसाठी ४ जांब घ्या. मधला बियांचा गोळा चमच्यानं कोरून काढा आणि गराच्या फोडी करा. मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्या काळ्या पडत नाहीत. २ चमचे तेलात मोहरी, जिरं, चार मेथीदाणे, हिंग, हळद घाला. फोडी परतून तिखट, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घाला. झाकण ठेवून १०-१२ मिनिटं शिजवा. फोड बोटानं दबली की मगच लिंबाएवढा गूळ आणि थोडा चिंचेचा कोळ घाला.

मी घाईनं गूळ आधीच उचलला, तर मोठी आईनं हात धरला. "आधी गूळ टाकला का फोड दाठर राह्यते, बाई." तिचं खरं आहे. फळातलं पेक्टिन विरघळलं की फोड मऊ होते. साखर आणि आंबट ते लवकर विरघळू देत नाहीत. कच्च्या जांबाचा तुरटपणा त्यातल्या टॅनिनमुळे असतो, आणि गूळ-चिंचेनं तो जिभेला जाणवत नाही. याच फोडींत भाजलेल्या तिळाचा आणि शेंगदाण्याचा कूट, दोन हिरव्या मिरच्या आणि जास्तीचा कोळ घातला की पंचामृत होतं. अर्धवट पिकलेल्या जांबांत पेक्टिन भरपूर असतं, म्हणून जेली त्यांचीच छान जमते.

पेरू हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं. त्यांच्या भाषेत 'पेरा' म्हणजे नाशपाती, त्यावरूनच पेरू हा शब्द आला असं कोशकार सांगतात. नावाचंच नातं आहे, तर तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात नाशपाती असेल आणि फळं टणक असतील, तर हीच भाजी करून बघा. फक्त वेळ कमी द्या, आणि बियांचा त्रास तर नाहीच. नाशपातीच्या बऱ्याच जाती झाडावर नीट पिकतही नाहीत. त्या टणक असतानाच उतरवून घरात पिकवतात. पिशवीत सोबत एक पिकलं केळ ठेवलं की त्याच्या इथिलीन वायूनं काम लवकर होतं.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीच्या ताटात ही भाजी होती. दादानं दोनदा घेतली. झाड तोडायचं त्यानं तूर्त लांबणीवर टाकलंय, पण एक अट घातली. पडलेली फळं रोज उचलायची. फळमाशीच्या अळ्या त्यांतच वाढतात आणि पुढच्या फळांना लागतात, त्यामुळे अट रास्तच आहे.

"उचलतो मी," मोठी आई म्हणाली, "पन मांगून शिजवन कोन?"

म्हणून हे लिहून ठेवलं. यंदा तुमच्यापैकी कुणीतरी शिजवा.