ठराव झाला, पाणी कोठें आहे?

बीडहून लिंबागणेशच्या श्रीभालचंद्राच्या दर्शनास निघालेला वाटसरू मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर येतो, तेव्हां त्या प्रदेशाचा स्वभाव त्यास एका दृष्टिक्षेपांत कळतो. खालीं काळा कठीण पाषाण, वर पातळ माती, आणि पाऊस बेभरंवशाचा. ह्याच डोंगरांतून उतरणारी बिंदुसरा बीड शहरांतून वाहत जाऊन सिंदफणेस मिळते. डोंगरावरील गांवांस मात्र वैशाख आला कीं टँकरची वाट पाहणें प्राप्त होतें. निसर्गास दोष देणें सोपें आहे. परंतु ह्याच भागांत, निजामशाहीच्या काळांत, बीडजवळ खजाना बावडी बांधणाऱ्यांनीं भूमिगत कालव्यांच्या योगें, कोणत्याही यंत्रावांचून, निव्वळ उताराच्या बळावर पाणी शेतांपर्यंत नेलें, हें विसरून चालत नाहीं. तेव्हां आज पाणी कां पोंचत नाहीं, हा प्रश्न पावसास विचारण्यापूर्वीं समितीस विचारला पाहिजे.

समिती म्हणजे कोणती? शहरांत १९६५ च्या नगरपालिका कायद्यानें स्थायी समिती व विषय समित्या नेमावयाच्या असतात. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम हे विषय त्यांच्याकडे येतात. गांवांत हेंच काम ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचें. तींत निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्या असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे, कारण घागर कोणाच्या डोक्यावर असते हें सर्वांस ठाऊक आहे. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनीं ह्या संस्थांस घटनेंत स्थान मिळालें. कागदावर ह्याहून अधिक कांहीं मागण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं.

आणि येथेंच आम्हांस महाडची आठवण होते. मुंबईच्या विधिमंडळांत १९२३ च्या आगस्टांत रावबहादुर बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस मोकळें असल्याचा ठराव केला. ठराव झाला, इतिवृत्तांत लिहिला गेला, त्यावर सह्या झाल्या. आणि तीन वर्षें त्या तळ्याच्या पाण्यास एकाही अस्पृश्याचा हात लागला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर परिषदेस आलेल्या हजारों लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हां त्या ठरावाची खरी अंमलबजावणी झाली. पुढें काय झालें, तें अधिक बोधक आहे. त्याच वर्षाच्या आगस्टांत नगरपालिकेनें आपलाच ठराव फिरविला! डिसेंबरांत कांहीं सवर्ण गृहस्थ दिवाणी न्यायालयांत गेले. तळें खाजगी आहे व बहिष्काराची वहिवाट अनादि आहे, हा त्यांचा दावा. तो खालच्या न्यायालयांतून चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोंचला आणि १७ मार्च १९३७ रोजीं तेथेंही फेटाळला गेला. वहिवाट अनादि असल्याचें वादींस सिद्ध करितां आलें नाहीं. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें! आम्ही वकिलीच्या धंद्यांतील माणसें अशा निकालांचे उतारे मोठ्या प्रेमानें वाचतों. पण ज्यास तहान लागली होती त्यास ते उतारे काय उपयोगाचे, हा विचार आमच्या मनांत क्वचितच येतो.

आज चवदार तळ्यावर पहारा नाहीं. परंतु वस्तीच्या शेवटच्या टोंकास पाणी न पोंचण्याची युक्ति बदलली आहे, इतकेंच. योजनेचा प्रवास पाहा. विहिरीवर पंप बसतो. पंपापासून उंच टाकीपर्यंत नळ जातो. टाकींतून गल्लोगल्लीं पाणी सुटतें. टाकीजवळच्या घरांतून ज्यांना ऐपत आहे ते नळास थेट विजेची मोटार लावितात. मोटार पाणी ओढून घेते आणि पुढच्या नळांतून नुसती हवा येते. हा पुढचा नळ बहुधा कोणत्या वस्तींत असतो, हें सांगण्याची गरज आहे काय? मोटार काढविणें हें समितीचें काम. पण मोटार लावणारा सभासदाचा चुलत भाऊ असतो, अथवा मतांचा गठ्ठा बाळगून असतो. म्हणून विषय पुढील सभेवर ढकलला जातो. इकडे पाणीपट्टी वसूल होत नाहीं, पंपाचें वीजबिल थकतें, जोडणी तुटते, आणि लाखों रुपयांची योजना कोरडी उभी राहते. मग टँकर.

टँकरविषयीं व्यापारी वाचकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्रामीण टंचाईंत माणशीं दररोज २० लिटर हें प्रमाण धरलेलें आहे. २०१९ च्या १५ आगस्ट रोजीं घोषित झालेल्या जलजीवन योजनेचें प्रमाण ५५ लिटर. ह्या दोन आंकड्यांतील अंतर म्हणजेच नळ असलेल्या व नसलेल्या गांवांतील अंतर. प्रत्येक फेरीची नोंद वहींत होत असते. आपल्या दुकानाची खतावणी रोज रात्रीं जुळविल्यावांचून जो झोंपत नाहीं, तोच गृहस्थ आपल्या पैशानें चालणाऱ्या टँकरची वही वर्षानुवर्षें उघडूनही पाहत नाहीं. दहा फेऱ्या लिहिल्या आणि सहा आल्या, तर चार फेऱ्यांचें पाणी कोण प्यालें? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें ती वही, समितीचें इतिवृत्त व देयकें मागण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. त्यास वकील लागत नाहीं, हें आम्ही आपल्या धंद्याच्या नुकसानीचा विचार न करितां सांगतों.

शहरांची कथा तरी काय निराळी? इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत अडकला आणि महाराष्ट्रांतील बहुतेक नगरपालिका वर्षानुवर्षें प्रशासकाच्या हातीं राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानें मे १९२५ नव्हे, मे २०२५ मध्यें आदेश दिला तेव्हां चाकें हललीं! (सन लिहितांना लेखणी शंभर वर्षें मागें घसरली, कारभार पाहतां तींत तिचा फारसा अपराध नाहीं.) निवडणुका डिसेंबर २०२५ मध्यें झाल्या. मधल्या काळांत सभासदच नव्हते, म्हणून समित्या नव्हत्या. पाण्याचा दर, गटाराचा ठेका, दिव्यांचा खर्च, सारें एका अधिकाऱ्याच्या सहीनें. अधिकारी सचोटीचा असला तरी त्यास भर सभेंत प्रश्न विचारणारा कोणी नव्हता, हें व्यंग राहतेंच.

समितीचें काम क्षुद्र समजण्याची एक खोड आपल्या पुढाऱ्यांस आहे. त्यांस आठवण द्यावीशी वाटते कीं, वल्लभभाई पटेल १९१७ सालीं अहमदाबादच्या नगरपालिकेंत गेले, ते आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. चालती बॅरिस्टरी संभाळून त्यांनीं शहराच्या घाणीचा प्रश्न हातीं घेतला. प्लेग आला तेव्हां शहर सोडून गेले नाहींत. राष्ट्राच्या कारभाराचें शिक्षण त्यांनीं गटारांच्या कांठीं घेतलें.

ग्रामसभेच्या रूढ दिवसांपैकीं १ मे हा भर उन्हाळ्यांतला. लिंबागणेश असो, नेकनूर असो वा बीड तालुक्यांतील दुसरें कोणतेंही गांव असो, त्या दिवशीं प्रमुख पाहुण्यांचे हार संपल्यावर एका तरी गृहस्थानें उभें राहून, अथवा अधिक बरें म्हणजे समितींतील एका बाईनें उभें राहून, तीन गोष्टी मागाव्या: टँकरची वही सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावी, पाणीपट्टी थकविणाऱ्या पहिल्या दहा घरांचीं नांवें, मग तींत सरपंचांचें असलें तरी, सांगावीं, आणि गांवांतील सर्वांत शेवटच्या नळाखालीं समितीनें सभासदांसह जाऊन, घड्याळ लावून, एक घागर भरण्यास किती वेळ लागतो तें इतिवृत्तांत लिहावें.