बिअर म्हणजे दारू नव्हे काय?

सेलूहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४१, धंदा किराणा दुकानाचा, आणि सोनोग्राफीत डाव्या बाजूच्या मूत्रनलिकेत ६ मिलिमीटरचा खडा. ते विचारतात, "डॉक्टरसाहेब, मित्रमंडळी म्हणतात रोज एक बिअर घे, खडा आपोआप वाहून जाईल. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असेही म्हणतात. माझा पुण्याचा भाचा तर सांगतो की, हल्ली तिकडे जागच्या जागी तयार केलेली ताजी, बिनरसायनाची बिअर मिळते, ती मुळीच बाधत नाही. घ्यावी काय?"

या पत्राला उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. कारण असे की, हाच सल्ला मी स्वतः एके काळी देत असे. नवीन दवाखाना थाटला तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत मुतखड्याचे रुग्ण रोज यायचे. आपल्या परभणीचा उन्हाळा, अंगातून घामाच्या धारा, आणि शेतात किंवा दुकानात बसल्यावर पाणी पिण्याची आठवण कोणाला? लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. मी औषध लिहून देई आणि वर हसत हसत सांगे, "चालत असेल तर एखादी बिअर घ्या." कोणत्याही पुस्तकात मी हे वाचले नव्हते. वरिष्ठ सांगत, म्हणून मीही सांगे. रुग्ण खूष होऊन जाई. त्यांतील एक गृहस्थ खडा पडून गेल्यावरही हे "औषध" घेतच राहिले. बारा-तेरा वर्षांनी ते पोटात पाणी झालेल्या अवस्थेत माझ्यापुढे आले. यकृत निकामी होत चालले होते. त्यांनी मला दोष दिला नाही. "तुम्हीच सांगितलं होतं ना साहेब, म्हणून बायकोही काही बोलत नव्हती," एवढेच म्हणाले. तेव्हापासून तो सल्ला मी बंद केला, पण का बंद केला ते जाहीरपणे कधी सांगितले नव्हते.

भाच्याच्या म्हणण्याचा भाग मात्र मला नवा होता. योगायोगाने गेल्या पावसाळ्यात आम्ही उभयता रात्रीच्या गाडीने मुलाकडे पुण्याला गेलो होतो. रविवारी दुपारी मुलगा म्हणाला, "बाबा, आज बाहेरच जेवू." मुलगा, सूनबाई, सात वर्षांची नात, आमचे व्याही-विहीणबाई आणि आम्ही दोघे असे सगळे निघालो. जागा पाहतो तो काय, काचेच्या भिंतीपलीकडे पितळी-पोलादी हंडे, आणि अलीकडे लोक पोराबाळांसह जेवायला बसलेले! आमच्या पिढीला अशा ठिकाणी कुटुंबाला घेऊन जायची कल्पनाच सोसणार नाही. सौभाग्यवतींनी पदर सावरला आणि लिंबू सरबत मागितले.

पुण्यात हा प्रकार सुरू झाला तो २००९ साली. 'डूलाली' नावाची भट्टी त्या वर्षी तेथे निघाली. देशातील अगदी पहिल्या लहान बिअर-भट्ट्यांत तिची गणना होते. नावाची गंमत वाचकांना सांगितली पाहिजे, कारण तिचा आरोग्याशीही संबंध आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रज सैन्याचा तळ होता. मायदेशी परतणारे गोरे शिपाई तेथे जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उकाडा आणि रिकामपण यांनी कित्येकांची डोकी फिरत. त्या अवस्थेला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला हा शब्द लावतात.

चाखण्यासाठी म्हणून लाकडी पट्टीवर चार लहान ग्लास आले. मुलाने आधी ती कशी करतात ते दाखवले. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, तसेच जवाचे करतात. मोड आल्याने धान्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड रस निघतो. तो उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकतात, कडूपणा त्यांचा. मग गार करून यीस्ट घालायचे. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व वायू तयार करते. ज्वारीची आंबील रात्रभर आंबते, त्याच कुळातली ही क्रिया, फक्त पुढे फार लांब नेलेली. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला होता की, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये. व्याही म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी! मग परभणीकरांनी घ्यायलाच हवी." सगळे हसले. मीही हसलो.

चव कशी होती हेही प्रामाणिकपणे सांगतो. पहिली गव्हाची, गढूळ, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. दोहोंपैकी एकही जिन्नस त्यात नव्हता, तो वास यीस्टच तयार करते. दुसरी कडूजहर. तिसरी काळी, भाजलेल्या जवामुळे कॉफीसारखी लागणारी. चौथी गोडसर आणि सर्वांत चढी. मला पहिली आवडली. आवडली हे लपवून मी वाचकांना उपदेश करू लागलो, तर तो कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

आता "बाधत नाही" याकडे वळू. फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे टक्के लिहिले होते: साडेचार, पाच, सहा, साडेसात. ग्लास १०० मिलिलिटरचे. मी कागदी रुमालावर हिशेब मांडला. चारही मिळून २३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, म्हणजे वजनाने सुमारे १८ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे "नुसते चाखणे" झाले तेव्हा माणूस पावणेदोन ते दोन पेग घेऊन बसलेला असतो! आपल्या गावातल्या दुकानी मिळणाऱ्या बाटलीचा हिशेब याहून कडक आहे. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, आणि 'स्ट्राँग' म्हणून आठ टक्क्यांची असेल तर ४१ ग्रॅम. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार लहान पेग. जो म्हणतो "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो, ती पण एकच", त्याने बाटलीवरचा आकडा एकदा वाचावा.

बिअर भट्टीची असो की कारखान्याची, ताजी असो की बाटलीबंद, त्यातील मद्यार्क एकच. ताज्या बिअरला चव अधिक, वास अधिक, यकृताला मात्र हा फरक कळत नाही. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. लिंबू पिळा, कॉफी द्या, डोक्यावर पाणी ओता, वेग वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच मद्ये कर्करोगकारक ठरवली आहेत, त्यांत बिअर वगळलेली नाही. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही. थोडी घेतली तर हृदयाला चांगली, हे आम्ही डॉक्टर मंडळींनीही पुष्कळ वर्षे ऐकवले. आता त्यावर विसंबू नये.

परत निघताना मुलाने भाड्याची गाडी बोलावली, याचे मला बरे वाटले. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. ६० किलोच्या माणसाने ते चार "चाखायचे" ग्लास रिकाम्या पोटी भराभर घेतले तरी तो ही मर्यादा ओलांडू शकतो. नातीने फेसात बोट बुडवू का, असे विचारले होते, तेव्हा सूनबाईंनी ग्लास पलीकडे सरकवला. तेही योग्यच झाले. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक असते?

एवढ्यावर लेख संपला असता. पण त्या रात्री जे घडले त्यामुळे मला हे लिहावेसे वाटले.

व्याही मधुमेहाचे रुग्ण आहेत, ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. दुपारी त्यांनी चार ग्लासांनंतर आणखी एक मोठा ग्लास घेतला होता. "बिअरने साखर वाढते" असे ऐकून जेवण मात्र मुद्दाम थोडे घेतले. संध्याकाळी आमच्यासोबत मुलाच्याच घरी थांबले आणि गोळी घेऊन न जेवता लवकर झोपले. रात्री साडेअकराच्या सुमारास ते असंबद्ध बोलू लागले. विहीणबाई घाबरल्या. मी खोलीत गेलो, तोंडाला थोडा वास येत होता. म्हणालो, "जरा जास्त झाली आहे, झोपू द्या." चाळीस वर्षे दवाखाना केलेल्या माणसाने हे म्हणावे! सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पंखा चालू आहे आणि त्यांचा सदरा घामाने चिंब झालाय. साखर तरी बघा." साखर मोजण्याचे यंत्र त्यांच्याच पिशवीत होते. आकडा आला ४६.

व्याही शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन मोठे चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग दूध-पोळी दिली. या गोळीचा परिणाम लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना तसेच गाडीत घालून रुग्णालयात नेले. सकाळी घरी आले.

असे का होते, ते समजून घ्यावे. उपाशीपोटी रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृताचे. मद्यार्क आला की यकृत त्याचा निचरा करण्यात गुंतते आणि नवी साखर तयार करणे जवळजवळ थांबवते. त्यात साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि पोटात अन्न नसेल, तर साखर झपाट्याने खाली येते, पुष्कळदा पिण्यानंतर कित्येक तासांनी, झोपेत. लक्षणे कोणती? घाम, थरथर, बरळणे, तोल जाणे. हीच नशेचीही लक्षणे! म्हणून घरचे लोक "चढली आहे" म्हणत पांघरूण घालतात, आणि सकाळी माणूस उठत नाही. ज्या घरी मधुमेही आहे आणि तो पितो, त्या घरच्या बायकांनी हे लक्षात ठेवावे: वास येत असला तरी साखर मोजा. यंत्र नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्यावेच. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून लगेच रुग्णालय गाठावे.

इतर औषधांचेही दोन शब्द. जुलाब-आमांशासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबरोबर बिअर घेतल्यास उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. क्षयरोगाच्या औषधांचा आधीच यकृतावर भार असतो. फिट्सच्या आणि झोपेच्या गोळ्यांशीही मद्याचे जमत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजणाऱ्यांना तर बिअर हमखास भोवते. गरोदर स्त्रीने एक घोटही घेऊ नये.

आता सेलूच्या वाचकांना उत्तर. बिअरने लघवी जास्त होते हे खरे. मेंदूतील जे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगते, त्याला मद्यार्क दाबून टाकतो. त्यामुळे आलेले पाणी तर जातेच, वर शरीरातलेही जाते. सकाळी तोंड कोरडे आणि लघवी पिवळीधमक होते, ते यामुळे. बिअर पिणाऱ्यांत खडे कमी होतात असे काही पाहण्यांत आढळले आहे, हे मला ठाऊक आहे. पण अडकलेला खडा तिने बाहेर पडतो, याला आधार नाही. नळी खड्याने बंद असताना वरून लघवीचा लोंढा आला तर कळा वाढतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. तुमचा ६ चा आहे, तोही पडू शकतो, आणि नळी सैल करणारी गोळी देता येते. ती द्यायची की नाही हे तपासूनच ठरवावे लागेल. सोनोग्राफीचा कागद घेऊन या आठवड्यातच सर्जनना दाखवा. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री निघा.

कळा थांबल्यावर गल्ल्याशेजारी लिटरची पाण्याची बाटली ठेवा, दुपारी चारपर्यंत ती दोनदा रिकामी झाली पाहिजे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी झाली म्हणजे पुरेसे पाणी पोटात गेले असे समजा. जेवणात वरून मीठ घेऊ नका, लिंबू पिळत जा. भाच्याला माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या वेळी त्याने फळ्यावरचे टक्के वाचून आकडेमोड करावी म्हणावे.